दलाल म्हणा, लाजू नका

लातूरच्या एका तरुणाचा प्रश्न: जाहिरातदार आणि त्यांच्या मालाच्या लिंका पसरवणारे 'अफिलिएट' ह्यांची गाठ घालून देणाऱ्या 'अफिलिएट नेटवर्क'ला 'संलग्न जाळे' म्हटलेलं चालेल का? 'दलाल' म्हटलं तर जाहिरातदारांचा भरवसा बसणार नाही, अशी त्याला धास्ती.

'संलग्न' महाविद्यालयांना असू द्या. ज्याच्या लिंकवरून गिऱ्हाईक येतं आणि विक्री झाली की ज्याला टक्का मिळतो, तो दलालच. हल्ली टीव्हीवर ऊठसूट कुणालाही 'दलाल' म्हणून शिवी हासडतात, तेव्हा माझं डोकं उठतं. शब्दाचा काय गुन्हा?

अरबीत 'दल्ल' म्हणजे वाट दाखवली. वाट दाखवणं हाच ज्याचा धंदा, तो 'दल्लाल'. ह्याच साच्यातला हम्माल, म्हणजे ओझं वाहणारा. सर्राफही त्यातलाच, आणि बक्काल म्हणजे मुळात भाजीवाला. अर्धा मोंढा एका साच्यात! आपण वस्तीला 'बकाल' म्हणतो ते ह्या बिचाऱ्यावरूनच, असं माझं मत. पटलं नाही तर सोडा. शिवाय 'दलील'ही त्याच धातूची: खऱ्याकडे नेते ती, म्हणजे पुरावा. उर्दूत 'दलालत करना' म्हणजे निर्देश करणं. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याला हे मी सांगायचं? तरी एक विद्वान ऐकवतात की दलाल संस्कृत 'दल'वरून, दोन दलांच्या मधला. मग हमाल काय होमावरून?

भरवशाचं म्हणाल, तर दलालाकडे दलील हवी. काही चोर गिऱ्हाईकाच्या ब्राउझरमध्ये गुपचूप कुकी, म्हणजे 'हे आमच्या लिंकवरून आलं' अशी खूण, सोडतात. ते आपलं आपण दुकानात गेलं तरी टक्का ह्यांचा. ह्यांनी वाट दाखवली कुठं?

नेटवर्क मात्र दलाल नव्हे, ती आडत. आमच्या घरी आडतीच्या पट्ट्या तारेला ओवलेल्या असत: कट्टे, वजन, भाव, खाली हमाली-तोलाई वजा. एका साली सोयाबीनच्या पट्टीत तोलाई दोनदा लागलेली वडिलांना दिसली. ते भांडले नाहीत. पुढच्या साली माल दुसऱ्या आडतीवर उतरवला. जाहिरातदारही तसाच. कोणत्या लिंकवरून कोणती ऑर्डर आली, कधी आली, किती माल परत गेला, त्याचं कमिशन वजा केलं का, अशी पट्टी त्याला द्या. परत करायची मुदत संपेस्तोवर टक्का वाटू नका.

आणि हो, 'जाळे' नकोच. अडकणार कोण, हे जाहिरातदार आधी विचारील.