मुलगी कोणत्या दारातून आत जाते, ते आधी बघा

स.न.वि.वि.

वाशिम जिल्ह्यातून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकल मिळालंय, तिला मात्र कॉम्प्युटर हवंय. पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठातून रोज फोन येतो, "आज एक लाख भरा, सीट धरून ठेवतो." फी आणि होस्टेल मिळून वर्षाला पाच लाख. त्यासाठी दोन एकर गहाण ठेवायची तुमची तयारी आहे. "सरकारीत कोणी शिकवत नाही म्हणतात, काय करू?" असं विचारलंय.

दादा, जमीन गहाण ठेवू नका.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हापासून आपण 'सरकारी' आणि 'खाजगी' असे दोनच कप्पे करत आलोय. पण खाजगीतही फार फरक आहे. विनाअनुदानित महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि तिथल्या बहुतेक जागा कॅपमधून भरतात. खाजगी विद्यापीठाचं तसं नाही. त्याची प्रवेशाची वाट वेगळी, फीही वेगळी.

तुमच्यासाठी हाच फरक लाखमोलाचा आहे. तुम्ही ओबीसी आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत, असं लिहिलंय. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार अशा घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, विनाअनुदानित महाविद्यालयातसुद्धा. अट एकच, प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागांतून, घेतला तर माफी नाही, आणि खाजगी विद्यापीठं तर या योजनेतच नाहीत. म्हणजे तो एक लाख भरलात, तर मुलीच्या हक्काची माफी तुम्ही स्वतःच सोडून देता.

कॉम्प्युटरचाच ध्यास असेल तर पुढच्या फेरीत कॅपमधल्या चांगल्या खाजगी महाविद्यालयांचे पर्याय भरा. मात्र हातातली जागा कधी राहते नि कधी जाते, हे सुविधा केंद्रावर नीट समजून घ्या. होस्टेल, मेस, विकास शुल्क हे खर्च उरतीलच, ते आधी लेखी मागा. नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला आजच तपासा.

सरकारीत कोणी शिकवत नाही, हे पूर्ण खोटं नाही. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर काम चालतं, आणि याचा मला मनापासून राग येतो. तरीही तुमच्या मुलीच्या जागी माझी मुलगी असती तर मी अमरावतीच निवडलं असतं. इलेक्ट्रिकल घेऊनही कोडिंग शिकता येतं. डोक्यावर वीस लाखांचं कर्ज असलेल्या मुलीला मात्र पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागते.

आणखी एक. मूळ कागदपत्रं कोणाकडे ठेवायला देऊ नका. माझ्याकडे एक वडील आले होते, हातात दहावी-बारावीच्या झेरॉक्सची प्लॅस्टिकची पिशवी. मूळ गुणपत्रिका एका संस्थेने अडकवून ठेवल्या होत्या, "पूर्ण वर्षाची फी भरा, मग न्या" म्हणून. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ सालीच मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायला मनाई केलीय, पण पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या त्या माणसाला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

एक दिवस मुलीला घेऊन अमरावतीला जाऊन या. इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठा आणि दोनच गोष्टी विचारा: मशीन लॅबमध्ये जोडण्या तुम्ही स्वतः करता का, आणि गेल्या वर्षी तुमच्या वर्गातल्या कोणाला कुठे नोकरी लागली. त्या काय म्हणाल्या ते मला कळवा. पर्याय भरायचे झाले तर यादी आपण मिळून करू.