पेशीतली प्रथिनं आणि ताटातली प्रथिनं

प्रश्न : वडिलांना मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एएलएस (हालचाल घडवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) असल्याचं निदान झालं आहे. या आजारात चेतापेशींत प्रथिनं साचतात असं वाचलं. मग त्यांची अंडी, दूध, डाळी बंद करायची का? हा साठा तपासणीत दिसतो का?

उत्तर : बंद करू नका. खाल्लेली प्रथिनं पचताना अमिनो आम्लांत मोडतात. ती उठून चेतापेशीत जाऊन बसत नाहीत. साचतं ते पेशीनेच बनवलेलं प्रथिन. सुमारे ९७ टक्के रुग्णांत ते टीडीपी-४३ असतं, हे २००६ पासून कळत गेलं.

या प्रथिनाची कामाची जागा म्हणजे पेशीकेंद्रक. तिथे ते आरएनएतले, म्हणजे प्रथिन बनवण्याचा जनुकाचा संदेश नेणाऱ्या रेणूतले, नको असलेले तुकडे गाळतं. मृत्यूनंतर घेतलेल्या मज्जारज्जूच्या कापावर टीडीपी-४३ रंगवलं, की निरोगी पेशीचं केंद्रक गडद दिसतं. आजारी पेशीत मात्र केंद्रक फिकट, रिकामं आणि बाहेर धाग्यांचा गुंता नाहीतर गोळा. बाहेर अडगळ झाली हे सगळे सांगतात. आत कामगार गैरहजर आहे, ही बाब आमच्या मते तितकीच गंभीर. स्टॅथमिन-२ हे प्रथिन चेतातंतूच्या दुरुस्तीला लागतं. टीडीपी-४३ जागेवर नसलं की स्टॅथमिन-२च्या आरएनएत भलताच तुकडा शिरतो, संदेश अर्ध्यावर तुटतो आणि स्टॅथमिन-२ पुरेसं बनतच नाही. मज्जारज्जूपासून पावलापर्यंत जवळपास मीटरभर तंतू सांभाळणाऱ्या पेशीला हे फार महागात पडतं. त्यात ही पेशी विभागत नाही, त्यामुळे साचलेला कचरा दोन पेशींत वाटलाही जात नाही.

नेहमीच्या एमआरआयमध्ये किंवा रक्ततपासणीत हे गोळे दिसत नाहीत. निदान होतं ते शारीरिक तपासणी आणि ईएमजीवरून, म्हणजे स्नायूंतल्या विद्युत संकेतांच्या तपासणीवरून. जनुकीय चाचणी मात्र जरूर विचारा, घराण्यात कुणाला आजार नसला तरी. सुमारे २ टक्के रुग्णांत एसओडी१ जनुकात दोष असतो आणि तिथे साचणारं प्रथिन वेगळंच असतं. त्यांच्यासाठी टोफरसेन या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. १०० मिलिग्रॅम औषध कमरेतून मज्जाद्रवात देतात. पहिले तीन डोस १४ दिवसांच्या अंतराने, पुढे दर २८ दिवसांनी. २८ आठवड्यांच्या चाचणीत एसओडी१ प्रथिन घटलं, पण हालचालींच्या क्षमतेत ठोस फरक सिद्ध झाला नाही. टीडीपी-४३च्या रुग्णांना या औषधाचा उपयोग नाही.

आहाराकडे परत येऊ. या आजारात वजन घटणं हेच घातक. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट झाली किंवा जेवताना ठसका लागू लागला, तर अन्न देण्यासाठी पोटातून नळी बसवण्याबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला; श्वासाची क्षमता निम्म्याखाली गेल्यावर ती बसवणं जोखमीचं होतं.