अंग भाजतंय, तरी थंडी का वाजते?

प्रश्न : मुलाला ताप चढत होता. अंगाला हात लावला तर चटका बसावा, आणि तो मात्र ‘थंडी वाजतेय’ म्हणत कुडकुडत होता. रात्री घामाने न्हाऊन निघाला आणि ताप उतरला. तापमान सांभाळणारी शरीराची यंत्रणा तापात बिघडते का? – एक वाचक

उत्तर : बिघडत नाही, उलट ती जोरात काम करत असते. शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मी सुरुवातच तापापासून करते, कारण शरीर आपला तोल कसा राखतं हे तापात अगदी डोळ्यांसमोर घडतं.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. रक्ताचं तापमान सतत तपासून तो ते ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतो. जंतुसंसर्ग झाला की पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाचं आणखी एक रसायन तयार होतं आणि हायपोथॅलॅमस आपला आकडा वर सरकवतो. समजा, ३९.५ वर. आता ३८ अंशांचं रक्तही त्याला गारच! मग थंडीतले सगळे उपाय सुरू होतात. कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, अंगावर काटा येतो, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. अशा वेळी मुलाचे तळवे हातात घेऊन बघा. कपाळ तापलेलं आणि हातपाय गार. उष्णता आत कोंडून ठेवल्याची ही खूण. ३९.५ गाठलं की हुडहुडी थांबते. पुढे आकडा खाली आला की तेच अंग ‘जास्त गरम’ ठरतं. वाहिन्या सैलावतात, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. पॅरासिटामॉलही प्रोस्टाग्लँडिन कमी करून हा आकडाच खाली आणतं.

म्हणून हुडहुडी भरलेल्या मुलाच्या अंगावर कृपा करून बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवू नका. थरथर आणखी वाढते, त्याचे हाल होतात. हलकं पांघरूण द्या. घाम सुटला की ते पांघरूण काढून घ्या आणि पाणी पाजा.

उष्माघाताची गोष्ट मात्र वेगळी. तिथे आकडा जागचा हललेला नसतो, शरीराला उष्णता बाहेर टाकणंच झेपत नसतं. त्यामुळे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. तापमान ४० च्या वर आणि माणूस असंबद्ध बोलतोय, तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका. सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.