गावच्या चावडीतला महायुद्धाचा संगमरवरी फलक काळवंडलाय, अक्षरं दिसत नाहीत. साफ कसा करावा?

आधी ॲसिड, लिंबू, टॉयलेट क्लीनर हे सगळं बाजूला ठेवा. संगमरवर चुनखडीपासूनच बनतो. आम्लाने वरचा थर विरघळतो, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि ते नुकसान कधीच भरून येत नाही. तारेचा ब्रशही नको.

साधं स्वच्छ पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश पुरे. खालून वर भिजवत जा, नाहीतर ओघळांचे डाग पडतात. शेवाळ बांबूच्या काडीने हलकेच सोडवा. अक्षरांत शिसं भरलेलं असेल तर तिथे काडी अजिबात घालू नका, शिसं निखळतं.

अक्षरं वाचायला रंग भरायची गरज नाही. अंधार पडल्यावर टॉर्च फलकाला अगदी चिकटवून बाजूने धरा. पुसट '१९१४-१९१९' सुद्धा सावलीत उठून दिसतं. ऑइलपेंटने ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे निघतात.

अशा बहुतेक फलकांवर गावातून किती जण युद्धावर गेले, किती मारले गेले एवढाच आकडा असतो, नावं नसतात. मारले गेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनच्या (युद्धात मरण पावलेल्या सैनिकांची स्मारकं आणि नोंदी सांभाळणारी संस्था) ऑनलाइन नोंदींत शोधा. गावाचं, तालुक्याचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगने टाका, पुण्यासाठी 'पूना'. पुष्कळ नोंदींत वडिलांचं नावही मिळतं.