पेआउटमधून कापलेले पैसे: आधी कोड जुळवा, मग भांडा

तुमची तक्रार मला समजली ती अशी: तुम्ही एअरबीएनबी या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर जागा राहायला देता, तिथे चार रात्रींसाठी आलेला गेस्ट गरम पाणी येत नाही म्हणून दोन रात्रींनंतर निघून गेला, प्लॅटफॉर्मने त्याला उरलेल्या दोन रात्रींचे पैसे परत केले, आणि पुढच्या आठवड्यात भलत्याच गेस्टच्या बुकिंगचं पेआउट, म्हणजे प्लॅटफॉर्मकडून तुम्हाला येणारी रक्कम, निम्म्याहून कमी जमा झालं. "या बिचाऱ्याचा त्या तक्रारीशी काय संबंध?" असं तुम्ही विचारलंय.

त्याचा संबंध काहीच नाही. पैसे मात्र तुमचेच कापले गेलेत, आणि तुम्हाला फसवलेलं नाही. एअरबीएनबीवर साधारणपणे चेक-इनच्या ठरलेल्या वेळेनंतर 24 तासांनी पेआउट सुटतं. म्हणजे गेस्ट तिसऱ्या दिवशी बॅग उचलून निघाला तेव्हा चारही रात्रींचे पैसे तुमच्याकडे रवाना झालेले होते. तुमच्या खात्यातून ते ओढून घेण्याऐवजी प्लॅटफॉर्म पुढच्या पेआउटमधून वळते करून घेतो. रात्रीचा दर 100 आणि होस्टकडून, म्हणजे जागा देणाऱ्याकडून, कापली जाणारी फी 3 टक्के धरा. चार रात्रींचे तुम्हाला 388 मिळाले. त्यातल्या दोन रात्रींचा तुमचा वाटा 194. पुढचं बुकिंग तीन रात्रींचं, त्याचे यायला हवे होते 291, आले 97. व्यवहारांच्या यादीत जा, 'समायोजन' अशा अर्थाच्या ओळीसमोर कोणत्या बुकिंगचा कन्फर्मेशन कोड (प्रत्येक बुकिंगचा वेगळा क्रमांक) आहे तो बघा. जुन्या गेस्टचा निघेल. तिथली रक्कम जुळत नसेल तरच सपोर्टला लिहा, आणि लिहिताना दोन्ही कोड द्या. नाहीतर तुम्हाला पॉलिसीची लिंक पाठवून मोकळे होतील.

आता खरा मुद्दा. रिफंडचा आकडा प्लॅटफॉर्मला ठरवू दिलात, इथे तुम्ही चुकलात. मी हे स्वतः खड्ड्यात पडून शिकलोय. रात्री पावणेबाराला गेस्टचा मेसेज आला, सोबत बाथरूमच्या छतातून ठिबकणाऱ्या पाण्याचा फोटो आणि खाली ठेवलेली बादली. मी लगेच फोन केला, माफी मागितली, सकाळी प्लंबर पाठवला, एका रात्रीचे पैसे परत देतो म्हणालो. तो "ठीक आहे" म्हणाला. गेल्यावर त्याने तीन रात्रींचा रिफंड मागितला. प्लॅटफॉर्मच्या तपासणाऱ्या माणसासमोर काय होतं? त्याचे फोटो, त्याचे दोन मेसेज आणि माझ्याकडून शून्य अक्षरं. फोनवरचं बोलणं, प्लंबर, एका रात्रीचा शब्द, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं. तीन रात्रींचे गेले. राग माझाच मला आला.

तेव्हापासून फोन केला तरी ठेवल्याबरोबर प्लॅटफॉर्मवरच्या मेसेजमध्ये लिहितो: "आत्ता बोलल्याप्रमाणे उद्या दहापर्यंत माणूस येईल. आजच्या एका रात्रीचे पैसे परत करतो. चालेल ना?" गेस्टचं "हो" त्याच मेसेजच्या धाग्यात आलं पाहिजे. दुरुस्तीनंतर चालू नळाचा फोटोही तिथेच टाकायचा. एअरबीएनबीच्या नियमाप्रमाणे गेस्टने अडचण लक्षात आल्यापासून 72 तासांत कळवायची असते, त्यामुळे कोणी काय आणि कधी लिहिलं याला फार वजन असतं. "चौथ्या दिवशी सांगितलं" हे तुम्ही म्हणून चालत नाही, ते मेसेजच्या वेळेवरून दिसावं लागतं.

गेस्ट लवकर निघतोय आणि तुम्हाला पैसे द्यायचेच आहेत, तर नुसती रक्कम पाठवू नका. बुकिंगमध्ये बदल करून रात्री कमी करा आणि गेस्टकडून तो बदल मान्य करून घ्या. रक्कम नव्याने मोजली जाते, आणि मोकळ्या झालेल्या तारखा पुन्हा विकता येतात. हे बरेच जुने होस्टसुद्धा करत नाहीत, का कोण जाणे.

"तुमच्याकडूनच कॅन्सल करा ना, मला पूर्ण पैसे मिळतील" असं गोड बोलून कोणी सांगितलं तर हात आखडता घ्या. होस्टने कॅन्सल केलं की दंड होस्टला. एअरबीएनबीवर चेक-इनला 48 तास किंवा त्याहून कमी उरले असतील तर बुकिंगच्या रकमेच्या 50 टक्के, त्याआधी 30 दिवसांपर्यंत 25 टक्के, त्याहूनही आधी 10 टक्के, आणि त्या तारखाही अडकू शकतात. गेस्टला कॅन्सल करू द्या. पॉलिसीपेक्षा जास्त द्यायची इच्छा असेल तर वरचे पैसे प्लॅटफॉर्ममधूनच द्या. बाहेरून परस्पर दिलेल्या पैशाची तिथे नोंदच नसते. तोच गेस्ट कार्डच्या बँकेकडे वाद घालून तेच पैसे दुसऱ्यांदा मागू शकतो, आणि अशा वादाला बँका बऱ्याचदा काही महिन्यांची मुदत देतात.

मोडतोडीचं प्रकरण याच्यात मिसळू नका. गेस्टने रिफंड मागितला म्हणून "मग फुटलेल्या आरशाचं काय?" असं त्याच धाग्यात सुरू केलं की ते सूड घेतल्यासारखं दिसतं. मोडतोडीच्या भरपाईची मागणी वेगळी टाका, चेक-आउटपासून 14 दिवसांच्या आत, फोटो आणि बिलासकट. शक्यतो पुढचा गेस्ट खोलीत शिरायच्या आधी, नाहीतर आरसा कोणी फोडला हाच वाद होतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, कर्जाच्या हप्त्याचा. पेआउट आलं की लगेच हप्त्यात घालता म्हणालात. मी जमा झालेल्या पैशातला काही भाग गेस्टच्या चेक-आउटनंतर तीन-चार दिवस होईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवतो. बुकिंग कमी असणाऱ्या महिन्यात तर जास्तच, कारण वळते करून घ्यायला पुढचं पेआउटच नसेल तर बाकी तुमच्या नावावर उभी राहते. आज तुमच्या यादीत तशी काही बाकी दिसतेय का, तेवढं बघून सांगा.