नाण्यावरची बाई, मुद्रेवरचे सिंह आणि भारतमातेचे चार हात

प्रश्न : बाई, आमच्या आजीच्या देवघरात तांब्याचं एक मोठं नाणं आहे. त्यावर बसलेली बाई आहे. डोक्यावर टोप, एका हातात त्रिशूळ, दुसरा हात ढालीवर. आजी तिला भवानी समजून रोज हळदकुंकू वाहायची. आजी गेल्यावर आतेभाऊ म्हणाला, हे विलायतेचं नाणं आहे, देवघरातून काढून टाक. काय करू? फोटो सोबत पाठवला आहे.
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : आतेभावाचं नाण्याबद्दलचं म्हणणं खरं आहे, पण काढून टाकण्याबद्दलचं मला पटत नाही. नाणं विलायतेचंच. त्याला पेनी म्हणतात. ते निव्वळ तांब्याचं नसून कांशाचं आहे. त्यावरची बाई म्हणजे ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटन हा देश बाईच्या रूपात.

तुमचा फोटो मोठा करून मी बराच वेळ पाहिला. खाली १९१७ साल स्पष्ट वाचता येतं. ढालीवरच्या फुलीच्या रेघांत हळद घट्ट बसली आहे. बोट रोज जिथे टेकत असेल तिथे, म्हणजे बाईच्या गुडघ्यावर आणि टोपाच्या तुऱ्यावर, नाणं गुळगुळीत झालंय. मागे समुद्राची रेघ आहे, पण दीपगृह नाही. १८९४ पर्यंतच्या पेनीवर एका बाजूला दीपगृह आणि दुसऱ्या बाजूला जहाज असायचं. पुढे दोन्ही काढली आणि १९३७ मध्ये दीपगृह तेवढं परत आलं. म्हणजे साल झिजलं असतं तरी नाणं मधल्या काळातलं आहे हे कळलं असतं. पहिल्या महायुद्धात आपल्याकडचे शिपाई फ्रान्सला, मेसोपोटेमियाला गेले होते. तुमच्या घरातलं किंवा भाऊबंदकीतलं कुणी पलटणीत होतं का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. ही माणसं आहेत तोवरच कळेल.

आता ही बाई मुळात कुठली, ते सांगते, कारण शाळेत हा भाग कुणी शिकवत नाही. ब्रिटानियाला पहिल्यांदा नाण्यावर बसवलं ते रोमनांनी, ब्रिटन जिंकल्यानंतर. सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन ११९च्या सुमारास, ती नाण्यावर आली. पुढे अँटोनायनस पायसच्या १५४-५५च्या नाण्यांवर तर ती खडकावर बसून, मान खाली घालून, डोकं हातावर टेकवलेली दिसते. हरलेल्या मुलखाचं चित्र जिंकणाऱ्यानं काढलं होतं. रोमन असंच करत. ज्यूंचं बंड मोडल्यावर त्यांनी खजुराच्या झाडाखाली रडणारी बाई नाण्यावर काढली होती. त्यानंतर कितीतरी शतकं गेली आणि १६७२ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं हीच ब्रिटानिया स्वतःच्या तांब्याच्या नाण्यांवर मानानं बसवली. तेव्हा तिच्या हाती भाला होता. १७९७ मध्ये भाला जाऊन त्रिशूळ आला. तो समुद्राच्या रोमन देवाचा त्रिशूळ. दर्यावर आमची सत्ता आहे, असं त्यातून सांगायचं होतं. आजीला तो भवानीचा वाटला यात नवल नाही. आपल्या मुलखात त्रिशूळ धरलेली बाई दुसरी कोण असणार?

मला मात्र या बाईचं आणखी एक चित्र विसरता येत नाही. १७७८ मध्ये लंडनमधल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीच्या छतासाठी ते काढलं गेलं. ब्रिटानिया उंच खडकावर बसली आहे, पायाशी सिंह आहे, आणि खालून हिंदुस्थान नावाची सावळी बाई वाकून तिला मोती-जवाहीर अर्पण करते आहे. पलीकडे चीन चिनी मातीची भांडी घेऊन उभा. लूट चालू होती आणि छतावर तिला नजराण्याचं रूप दिलं होतं. देश बाईच्या रूपात दिसला की मी आधी विचारते, हे काढलं कुणी आणि कुणाच्या पैशानं?

लोक चित्र आपल्याच डोळ्यांनी वाचतात, याचा चटका खुद्द सरकारलाही बसला होता. १९११च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावर एक बारीकसा हत्ती कोरला होता. सोंड इतकी आखूड की लोकांना ते डुक्कर वाटलं आणि बाजारात ओरड झाली. नाणी मागे घेऊन बहुतेक वितळवली, आणि १९१२च्या रुपयावर सोंड नीट दिसेल असा नवा हत्ती आला. अमळनेरला शिकवत असताना वर्गात मी १९१२चा रुपया आणि भिंग फिरवायचे. शेवटच्या बाकापर्यंत जाईतो तास संपायचा, पण ते सन कुणी विसरलं नाही.

तेव्हा नाणं ठेवा. चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, कोरडं मऊ फडकं पुरे. देवघरात ठेवायचं की कपाटात, हे तुमच्या घरानं ठरवावं. मला विचाराल तर आजीनं जिथे ठेवलं तिथेच राहू द्या, आणि सोबत एका चिठ्ठीवर नाण्याची खरी माहिती आणि आजीचं नाव लिहून ठेवा.

प्रश्न : आपल्या राजमुद्रेवर सिंह आहे आणि राष्ट्रीय प्राणी वाघ. असं का? आणि सिंह तर इंग्रजांचंही चिन्ह होतं ना? तो आपल्याकडे त्यांच्यामुळे राहिला का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, मुक्ताईनगर

उत्तर : नाही, मुळीच नाही. राजमुद्रेवरचे सिंह अशोकाच्या सारनाथच्या स्तंभावरचे आहेत, २६ जानेवारी १९५० ला स्वीकारलेले. पाठीला पाठ लावून चार सिंह बसले आहेत, समोरून तीनच दिसतात. बुद्धाला शाक्यसिंह म्हणत, आणि हे सिंह त्याचा उपदेश चारी दिशांना पोचवणारे. ते कुणावर झडप घालत नाहीत. इंग्रजांचा सिंह वेगळा होता आणि त्याच्या पंजाखाली आपला वाघ होता, हे मी अक्षरशः सांगते आहे.

टिपू सुलतानानं वाघ हे आपलं चिन्ह केलं होतं. गोऱ्या शिपायाच्या उरावर बसलेला त्याचा लाकडी वाघ आजही लंडनच्या संग्रहालयात आहे. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला आणि कंपनीनं त्या विजयाचं पदक काढलं. त्यावर सिंह वाघाला लोळवतो आहे. पुढे १८५७च्या उठावात, ऑगस्ट महिन्यात, लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात जॉन टेनिएलचं मोठं चित्र आलं. वाघाखाली गोरी स्त्री आणि मूल, आणि त्या वाघावर झेप घेणारा ब्रिटिश सिंह. सूड घ्या, असं ते चित्र लंडनमधल्या लोकांना सांगत होतं. उठाव कशामुळे झाला, याचा त्यात मागमूस नाही. माणसांना जनावर करून दाखवलं की त्यांची गाऱ्हाणी ऐकावी लागत नाहीत. या चित्राचा मला राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं.

म्हणून १९४७चा निकेलचा रुपया मला फार मोलाचा वाटतो. एका बाजूला सहावा जॉर्ज अजून आहे, पण दुसऱ्या बाजूला वाघ एकटा चालतो आहे. वर सिंह नाही, कुणाचा पंजा नाही. पाव आणि अर्ध्या रुपयावर तो वर्षभर आधीच आला होता. तुमच्या आजोबांच्या पिढीच्या गल्ल्यात एखादा नक्की सापडेल, शोधा.

राष्ट्रीय प्राणी म्हणून आधी सिंहच होता. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला त्या सुमारास तो मान वाघाला मिळाला. सिंह उरला होता एकट्या गीरमध्ये, वाघ मात्र कितीतरी राज्यांतल्या जंगलांत होता आणि झपाट्यानं संपत होता. तुम्ही तर वढोद्याच्या जंगलाजवळचे. वाघ ही तुमच्या तालुक्यातली गोष्ट आहे. सातपुड्यातले आपले आदिवासी भाऊ वाघदेव पूजतात, तेही जाऊन पाहा. देशानं वाघाला मान देण्याच्या कितीतरी आधी त्यांनी तो दिला आहे.

प्रश्न : अमेरिकेचा अंकल सॅम खरा माणूस होता का? आणि फ्रान्सच्या फुटबॉल संघाच्या छातीवर कोंबडा कशाला?
— रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी सॅम्युअल विल्सन नावाचा मांसाचा व्यापारी होता. १८१२च्या युद्धात तो सैन्याला माल पुरवायचा. पिंपांवर सरकारी 'यू. एस.' असा शिक्का असे, आणि ती अक्षरं म्हणजे आपला सॅमकाका, असं लोक म्हणू लागले, अशी हकीकत आहे. १९६१ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं विल्सनचा तसा गौरवही केला. बोट रोखून भरतीला बोलावणारा सॅम मात्र १९१७चा. चित्रकार जेम्स फ्लॅगनं त्याला स्वतःचाच चेहरा दिला.

कोंबड्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे. त्या भाषेत कोंबडा आणि फ्रान्सचा जुना रहिवासी, दोघांना एकच शब्द. नेपोलियनला हा पक्षी साम्राज्याला शोभणारा वाटला नाही, त्यानं गरुड घेतला. गरुड त्याच्याबरोबर गेला, कोंबडा राहिला. तिथल्या नगरपालिकांत मारिआन नावाच्या बाईचा अर्धपुतळा असतो, ती फ्रेंच प्रजासत्ताकाची मूर्ती. राजाचा चेहरा काढला त्या जागी १७९२ मध्ये राजमुद्रेवर स्वातंत्र्याची टोपी घेतलेली स्त्री आली, तिचीच ही पुढची रूपं.

प्रश्न : २६ जानेवारीला आमच्या शाळेचा चित्ररथ आहे. भारतमाता करायची आहे. बाजारात त्रिशूळ, मुकुट आणि पुठ्ठ्याचा सिंह असा तयार संच मिळतो. तो घ्यावा का? चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, भारतमाता राहते कुठे?" मला उत्तर देता आलं नाही.
— शिक्षिका, शहादा तालुका

उत्तर : संच घेऊ नका, मी कळकळीनं सांगते.

अवनींद्रनाथ टागोरांनी १९०५ मध्ये, बंगालची फाळणी झाली त्या वर्षी, भारतमातेचं चित्र काढलं. त्यात सिंह नाही, मुकुट नाही, झेंडा नाही, नकाशाही नाही. भगव्या वस्त्रातली साधी जोगिणीसारखी स्त्री आहे. तिला चार हात आहेत. एकात पोथी, एकात भाताच्या लोंब्या, एकात पांढरं वस्त्र आणि एकात जपमाळ. शिक्षण, अन्न, कापड आणि साधना. शस्त्र एकही नाही. परदेशी कापडावर बहिष्कार चालू असताना देशाच्या हातात कापड दिलं, हे केवढं मोठं! सिंह, नकाशा, तिरंगा हे सगळं पुढे छापील चित्रांतून आलं. साखळदंडांतली माताही आली, आणि १९३१ नंतर तिच्यापुढे शिर ठेवणारे भगतसिंग आले. तसली चित्रं सरकार जप्त करत असे. त्यांचं मोल मी कमी लेखत नाही. पण लहान मुलांच्या हाती काय द्यायचं ठरवताना मला पहिलं चित्र जवळचं वाटतं.

याचा धागा आपल्या खान्देशापर्यंत येतो. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव राबले. मंडपाची सजावट बांबू आणि आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून केली ती नंदलाल बोस यांनी, आणि ते अवनींद्रनाथांचे शिष्य. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गांधीजींनी काशीला भारतमाता मंदिर उघडलं होतं. त्या मंदिरात मूर्तीच नाही. जमिनीवर संगमरवरात कोरलेला डोंगर-नद्यांसह देशाचा नकाशा आहे.

आणि फैजपूरचे अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न ते स्वतःच गावोगावच्या सभांत विचारत. लोक जयजयकार करत, तेव्हा ते विचारायचे, ही भारतमाता कोण? एकदा एका शेतकऱ्यानं सांगितलं, ही धरती. कुठली धरती, तुमच्या गावची की जिल्ह्याची, असं विचारत ते शेवटी सांगत, की डोंगर, नद्या, शेतं खरीच, पण त्याहून तुम्ही सगळी माणसं म्हणजे भारतमाता. अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. त्या मुलीला एवढंच सांगा, चौथीतल्या मुलीला ते कळतं. आपल्याकडे श्रावणात कानबाई बसते तेव्हा नारळाला डोळे, नथ, साडी आपणच चढवतो आणि तिला माय म्हणतो. त्या मुलीनं ते घरी पाहिलं असेल, तर अर्धं काम झालेलंच आहे.

आता चित्ररथ. मागचे दोन हात पुठ्ठ्याचे करा आणि पाठीला पट्ट्यानं बांधा. लोंब्यांच्या जागी दादरीची, म्हणजे रब्बी ज्वारीची, कणसं घ्या. जानेवारीत शेतात दादर कणसावर असते. बंगालच्या भातापेक्षा आपल्या मुलांना ती ओळखीची. वस्त्र म्हणून साधं पांढरं मांजरपाट, आपल्याकडच्या कापसाची आठवण म्हणून. पोथीऐवजी मुलांचं स्वतःचं बालभारतीचं पुस्तक चालेल. नकाशा लावायचाच तर मुलांकडून काढून घ्या आणि अंदमान-निकोबार, लक्षद्वीप राहून गेलं नाही ना, ते तपासा.

आणि भारतमाता कुणाला करायचं? दरवर्षी वर्गातली सगळ्यांत गोरी मुलगी निवडायची सवय बऱ्याच शाळांना आहे. ती या वर्षी मोडा. तुमच्या वर्गात पावरा आणि भिल मुली असतील. ज्या मुलीला उभं राहायचंय, जी न लाजता चारी वस्तूंचा अर्थ सांगू शकते, तिला करा. रथ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर असेल तर तिच्या पाठीमागे टेकायला लाकडी दांडा ठोकून घ्या आणि ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्येच चालवायला सांगा. गावातला रस्ता खाचखळग्यांचा असतो, आणि तिचे दोन्ही हात गुंतलेले असतील.