कबूल केलं ती वाचली

प्रश्न : परवा सेलमच्या चेटकिणींवरची डॉक्युमेंटरी बघितली. त्या बायका निर्दोष होत्या तर त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी 'हो, सैतान भेटला' असं कबूल का केलं? आणि वेगळ्या वागायच्या म्हणून पकडलं का त्यांना? जाळलं म्हणतात ते खरंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : जाळलं कुणालाच नाही हो. हे सेलम म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं गाव, मॅसॅच्युसेट्स तेव्हा इंग्रजांची वसाहत, त्यांच्या कायद्यात चेटकाला फाशी, आणि १६९२ मधे १४ बायका आणि ५ पुरुष फासावर गेले. जाळण्याचे प्रकार जर्मनीकडचे, लोक दोन्हीची खिचडी करतात.

आता कबुलीचं. तिथला हिशोब उलटा होता. जी कबुली देईल तिला जिवंत ठेवायचे, कारण ती आणखी नावं सांगायची, आणि जी 'मी काही केलं नाही' म्हणेल तिच्यावर खटला चालून फाशी. टिटुबा नावाची गुलाम बाई, पाद्र्याच्या घरात राबणारी, तिने मार्चमधेच सगळं 'कबूल' केलं, काळा कुत्रा काय, पिवळा पक्षी काय, आणि ती जगली. सॅम्युअल वॉर्डवेलने कबुली दिली आणि नंतर मागे घेतली, त्याला लटकवलं. जाईल्स कोरी तर ऐंशीच्या आसपासचा म्हातारा, तो आरोपावर हो-नाही काहीच बोलेना म्हणून त्याला आडवं पाडून अंगावर दगड रचत गेले, त्यातच गेला.

वेगळेपणाचं म्हणाल तर सुरुवात तिथूनच झाली. सारा गुड दारोदार मागून खायची, कुणी हाकललं की पुटपुटत जायची, आणि मग त्या घरचं जनावर मेलं की झालं! (आमच्या आजोळी याला सरळ करणी म्हणायचे.) तिची चार-पाच वर्षांची पोरगी पण तुरुंगात, बेड्या घालून. पण मग रिबेका नर्स? ७१ वर्षांची, चर्चला जाणारी, गावात मान असलेली. ज्युरीने आधी निर्दोष सोडलं तिला. तेवढ्यात 'चेटकिणी आम्हाला छळतात' म्हणून आरोप करणाऱ्या पोरींनी कोर्टात असा आरडाओरडा केला की ज्युरीला परत विचार करायला सांगितलं, तेव्हा म्हातारीला एक प्रश्न विचारला, तिने उत्तरच दिलं नाही, आणि गप्प बसली म्हणजे दोषी. नंतर तिने लिहून कळवलं की मला कमी ऐकू येतं, प्रश्न कळलाच नाही. तरी फाशी झालीच, १९ जुलैला. म्हणजे थोडं ऐकू कमी येणं एवढं वेगळेपण पण पुरलं बघा.

कबुली देऊन वाचलेल्यांचं पुढे बरं झालं असंही नाही. एलिझाबेथ जॉन्सन नावाची २२ वर्षांची मुलगी, जिला तिचे स्वतःचे आजोबाच जरा भोळसट म्हणायचे, तिने कबूल केलं, १६९३ मधे फाशीची शिक्षा सुनावली, पण गव्हर्नरने ती थांबवली. बाकीच्यांची नावं हळूहळू कागदोपत्री साफ होत गेली, हिचं राहूनच गेलं. तिने १७१२ मधे स्वतः अर्ज केलेला, उपयोग शून्य. शेवटी मॅसॅच्युसेट्समधल्याच नॉर्थ अँडोव्हर गावच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी आणि त्यांच्या बाईंनी पाठपुरावा केला आणि २०२२ मधे तिचं नाव सुटलं.